दोन दिवसांत मंगळ : एका खेळाच्या आवृत्त्या

गेल्या मे महिन्यात कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या काही विद्यार्थ्यांबरोबर आम्ही आठवडाभर भौतिकशास्त्राची गणिते सोडवत होतो. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा दोन पुस्तके घेऊन आला. एक म्हणजे १९८१ सालच्या एका खेळाच्या नियमपुस्तिकांच्या छायाप्रती, बाइंडिंग करून घेतलेल्या. दुसरे त्याच खेळाचे २०२२ सालचे जाडजूड रंगीत पुस्तक. पुण्यातल्या मामाने दिलेली. मुलगा म्हणाला, "सर, ह्यात काय तरी घोळ हाय. ह्या सूत्रानं मंगळ दोन दिवसांत येतोय. आपल्या मंगळयानाला तर तीनशे दिवस लागले."

आम्ही सूत्र पाहिले. सूत्रात घोळ नव्हता. घोळ कुठे होता ते शोधता शोधता त्या खेळाच्या सगळ्याच आवृत्त्या धुंडाळाव्या लागल्या, आणि त्यात आमचा उरलेला उन्हाळा गेला.

खेळाचे नाव 'ट्रॅव्हलर', म्हणजे प्रवासी. ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण पंच होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कुणी निवृत्त नौसैनिक, कुणी व्यापारी जहाजावरचा यंत्रज्ञ. पंच प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायचे. भातुकलीसारखेच, पण नियमांनी बांधलेले. अशा प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यात जादू होती, राक्षस होते. तीन वर्षांनी, जुलै १९७७ मध्ये, इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल नावाच्या गावातील (गावाचे नाव खरोखरच नॉर्मल आहे) 'गेम डिझायनर्स वर्कशॉप' या छोट्या संस्थेने मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' बाजारात आणला. काळ्या मुखपृष्ठाच्या तीन लहान पुस्तिका: एक पात्रांची, दुसरी अवकाशयानांची, तिसरी ग्रहांची. खेळायला साधे सहा बाजूंचे फासे पुरत. 'स्टार वॉर्स' चित्रपट जेमतेम दोन महिन्यांपूर्वी पडद्यावर आला होता आणि दोन्ही व्हॉयेजर याने अजून जमिनीवरच होती. ती ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये निघाली.

तेव्हापासून हा खेळ बंद असा फारसा पडलेला नाही. १९८१ ची सुधारित आवृत्ती, १९८७ ची 'मेगाट्रॅव्हलर', १९९३ ची 'न्यू एरा', १९९६ ची चौथी, मग १९९८ ची दुसऱ्या एका प्रकाशकाच्या नियमांवर बेतलेली, २००८ ची ब्रिटनमधल्या 'मंगूस' प्रकाशनाची, २०१३ ची खुद्द मिलर यांची पाचवी, पुन्हा मंगूसची २०१६ ची आणि तिचेच २०२२ चे रूप. मधल्या एक-दोन आम्ही गाळल्या आहेत. शिक्षकांना पाठ्यपुस्तकांच्या आवृत्त्या बदलताना काय होते हे ठाऊकच आहे: काही चुका जातात, काही नव्या येतात, आणि काही धडे का गाळले ते कुणीच सांगत नाही. येथेही तेच दिसते. फरक इतकाच की येथे विज्ञान खेळातून वापरले जाते, त्यामुळे एखादा नियम बदलला की लगेच कुणाचे तरी यान भरकटते.

आता त्या सूत्राकडे. यानांच्या पुस्तिकेत दिलेले सूत्र असे:

वेळ = २ × √(अंतर ÷ त्वरण)

अर्धे अंतर सतत वेग वाढवत जायचे, मध्यावर यान उलटे फिरवायचे आणि उरलेले अर्धे अंतर त्याच त्वरणाने वेग कमी करत जायचे. s = ½at² हे समीकरण अर्ध्या अंतराला लावले की सूत्र दोन ओळींत मिळते. नववीचा विद्यार्थीही ते काढू शकेल. त्वरण सेकंदाला सेकंदागणिक १० मीटर, म्हणजे पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतके, धरले तर चंद्र साडेतीन तासांवर येतो. मंगळ ७.८ कोटी किलोमीटरवर असताना निघालो तर १,७६,६०० सेकंद लागतात, म्हणजे ४९ तास. मुलाचे गणित बरोबर होते.

मग मंगळयानाला सुमारे तीनशे दिवस का लागले? कारण त्याने इंजिन थोडाच वेळ चालवले आणि उरलेला सगळा प्रवास सूर्याच्या गुरुत्वाखाली, एखाद्या ग्रहासारखा, तरंगत केला. सतत ४९ तास एका 'जी'ने रेटायचे म्हणजे काय, हे आम्ही फळ्यावर काढले. वाटेच्या मध्यावर यानाचा वेग सेकंदाला ८८३ किलोमीटर होतो. एवढ्या वेगाला एक किलोग्रॅम वस्तुमानाची गतिज ऊर्जा ३.९ × १०¹¹ जूल, म्हणजे विजेची सुमारे १ लाख ८ हजार युनिटे. यान शंभर टनांचे असेल तर? कोयनेची सगळी जनित्रे १,९६० मेगावॅटच्या पूर्ण क्षमतेने अखंड २३० दिवस चालवली तर जेवढी ऊर्जा मिळेल तेवढी. ती साडेचोवीस तासांत यानात ओतायची. आणि तेवढीच पुन्हा, थांबण्यासाठी. वर्गात थोडा वेळ शांतता पसरली.

पण याहून अवघड अडचण संवेगाची आहे. अवकाशात टेकायला काही नाही. पुढे जायचे तर मागे काहीतरी फेकावे लागते. न्यूटनचा तिसरा नियम येथे सवलत देत नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणाऱ्या उत्तम रॉकेटमधून वायू सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतात. त्यांच्या जोरावर वेग ८८३ पर्यंत नेऊन पुन्हा शून्यावर आणायचा तर एक किलोग्रॅम यान पोचवण्यासाठी निघताना लागणाऱ्या इंधनाचा आकडा १० च्या १७० व्या घाताइतके किलोग्रॅम असा येतो. दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या साधारण १० चा ८० वा घात मानली जाते. घोळ तो येथे. सूत्र शुद्ध, पण त्यात बसवलेले यंत्र अशक्य.

आवृत्त्यांची तुलना येथेच रंगू लागते. १९७७ च्या पुस्तिकांत हे यंत्र कसे चालते ते सांगितलेलेच नव्हते. १९८७ च्या आवृत्तीने ते सांगायचे ठरवले: मागे काहीही न फेकता यानाला ढकलणाऱ्या पट्ट्या. म्हणजे जी चूक आधी झाकलेली होती ती आता छापील झाली. १९९३ च्या आवृत्तीने मात्र धाडस केले. त्या पट्ट्या काढून टाकल्या, हायड्रोजन तापवून मागे फेकणारे इंजिन आणले आणि यानाच्या टाकीत इंधनाचा हिशेब सुरू केला. यंत्राचे आकडे उदारच होते, पण तत्त्व बरोबर होते: जे फेकाल तेवढेच मिळेल. पुढच्या वर्षी यान-अभिकल्पाचे एक स्वतंत्र पुस्तकच त्यांनी काढले. त्यातली कोष्टके अभियांत्रिकीच्या पुस्तकाला शोभावीत अशी आहेत.

त्याचे काय झाले? १९९८ च्या आवृत्तीत काहीही न फेकणारे यंत्र परत आले. २००८ मध्येही तेच, आणि २०२२ मध्येही तेच. रॉकेट उरले ते एक पर्याय म्हणून. खेळाडूंची बाजू समजण्यासारखी आहे. शनिवारी संध्याकाळी तीन तास मिळतात, त्यातले दोन तास इंधन मोजण्यात घालवायला कुणाला आवडेल? तरीही आमचे मत असे की १९९३ च्या लेखकांनी केलेली दुरुस्ती ही या खेळाच्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक दुरुस्ती होती. विज्ञानकथेतले विज्ञान पक्के हवे, हा आग्रह मराठीत जयंत नारळीकरांनी (१९३८–२०२५) धरला. त्यांचा जन्म कोल्हापूरचाच. त्या कसोटीवर १९९३ ची आवृत्ती आधीच्या आणि नंतरच्या आवृत्त्यांपेक्षा वरचढ ठरते.

१९८१ च्या आवृत्तीतली लढाईही शिक्षकांनी मुद्दाम पाहावी. दोन यानांची चकमक जमिनीवर मांडायची. एक डाव म्हणजे १,००० सेकंद; एक मिलिमीटर म्हणजे १०० किलोमीटर. प्रत्येक यानाचा वेग एका बाणाने, म्हणजे सदिशाने, दाखवायचा. इंजिन चालवले तर त्या बाणाला दुसरा बाण जोडायचा. नाही चालवले तर जुना बाण तसाच. एका जीने एक डाव रेटले की वेगात सेकंदाला १० किलोमीटरची भर पडते, म्हणजे दर डावाला १०,००० किलोमीटर, म्हणजे जमिनीवर बरोबर १०० मिलिमीटर. मोजमापांची निवड किती विचारपूर्वक केली आहे पाहा. सदिशांची बेरीज फळ्यावर कंटाळवाणी वाटते. येथे ती चुकली तर यान ग्रहावर आदळते. एक चूक मात्र आमच्या मुलांनीच काढली: त्वरणाच्या त्या पहिल्या डावात यान खरे तर १०,००० नव्हे, ५,००० किलोमीटरच पुढे जाते, कारण सुरुवातीला वेग शून्य होता. ½at² मधला 'अर्धा' पुस्तिका विसरली. सोयीसाठी विसरली असेल. पण अकरावीच्या मुलांनी छापील पुस्तकातली ही चूक शोधली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही दिसत नाही.

हे बाण फार काळ टिकले नाहीत. १९८३ च्या नवशिक्यांसाठीच्या संचात त्यांच्या जागी 'जवळ', 'लांब' असे अंतराचे पट्टे आले आणि २००८ च्या मुख्य पुस्तकातही पट्टेच आहेत. सोपे झाले हे खरे. पण न्यूटन टेबलावरून उठून गेला.

संगणकाची गोष्ट याच्या अगदी उलट. येथे जुनी आवृत्ती हास्यास्पद ठरली आणि नवीने ती सुधारली. पहिल्या आवृत्तीत तारकांदरम्यान झेप घेणाऱ्या यानातला सर्वांत लहान संगणक एक टन जागा व्यापतो आणि त्याची किंमत वीस लाख मुद्रा. हा टन वजनाचा नव्हे, आकारमानाचा: एक टन द्रव हायड्रोजन मावेल एवढी जागा, सुमारे १४ घनमीटर. (हायड्रोजन किती हलका आहे हे शिकवायला याहून चांगले एकक नाही.) म्हणजे लहानशी खोलीच. सर्वांत मोठा संगणक नऊ टनांचा, म्हणजे एखाद्या वर्गखोलीएवढा. लहान संगणकाची स्मृती चार आज्ञावलींची, एका वेळी चालणार त्यातल्या दोन जागांपुरत्याच. लढाई ऐन भरात असताना कोणती आज्ञावली काढायची आणि कोणती घालायची, याचा विचार खेळाडूने करायचा. हे छापले गेले त्याच वर्षी, १९७७ मध्ये, 'ॲपल टू' हा टेबलावर मावणारा संगणक दुकानांत आला होता. लेखकांनी भविष्य पाहिले ते मोठ्या संस्थांच्या वातानुकूलित खोल्यांतल्या यंत्रांवरून, आणि ती यंत्रे तेव्हा खरोखरच तशी होती. २००८ च्या आवृत्तीत संगणक जागाच व्यापत नाही, आणि लहानाची किंमत तीस हजार मुद्रांवर आली.

ताऱ्यांपर्यंत पोचण्याचे स्वप्न चुकले नाही, ते चुकले खिशातल्या यंत्राबाबत. हे आम्हांला विचार करायला लावणारे वाटते. संलयन ऊर्जेचे नेमके उलटे. खेळात प्रत्येक ग्रहाला तंत्रज्ञानाची एक पायरी दिलेली असते. १९७० च्या दशकातली पृथ्वी सातव्या पायरीवर. मंगूसच्या पुस्तकात आठव्या पायरीवर व्यवहारात परवडणारी संलयन-वीज आहे. पन्नास वर्षे होत आली; आपण अजून त्या पायरीला पाय लावून उभे आहोत.

ग्रह बनवण्याचे नियम सर्वांत लोकप्रिय, आणि वर्गात लगेच वापरता येण्याजोगे. दोन फासे टाका, बेरजेतून दोन वजा करा: तो ग्रहाचा आकार, हजार मैलांत. आठ आले तर व्यास ८,००० मैल, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच. (नव्या आवृत्त्या किलोमीटरमध्ये बोलतात, पण पायरी १,६०० किलोमीटरची आहे. मैल गेला, त्याची सावली राहिली.) मग पुन्हा दोन फासे, त्यातून सात वजा, अधिक ग्रहाचा आकार: ते वातावरण. दोन फाशांच्या बेरजेची सरासरी सात असते, म्हणून सात वजा केल्यावर उरतो तो मुख्यतः आकारच. मोठ्या ग्रहाला दाट हवा, लहानाला विरळ. एका ओळीत गुरुत्व, मुक्तिवेग आणि संभाव्यता. फार सुंदर नियम आहे.

आणि अपुरा. १९८० च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर-१ शनीच्या टायटन या उपग्रहाजवळून गेले आणि तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट असल्याचे कळले. टायटनचा व्यास ५,१५० किलोमीटर. गुरूचा गॅनिमीड त्याहून किंचित मोठा, आणि त्याला हवा जवळजवळ नाहीच. शुक्र पृथ्वीएवढाच, दाब मात्र सुमारे ९२ पट. आकारावरून हवा ठरत नाही. अंतर, तापमान, रासायनिक घटक, ज्वालामुखी हे सगळे त्यात येते. खेळाने १९८३ च्या एका पुरवणी पुस्तकात ताऱ्याचा प्रकार, कक्षा आणि तापमान आणले. पण त्यातही वायुरूप महाकाय ग्रह ताऱ्यापासून दूरच ठेवलेले, कारण आपल्या सूर्यमालेत ते तसे आहेत. १९९५ साली मेयर आणि केलो यांना ५१ पेगासी या ताऱ्याभोवती अवघ्या सव्वाचार दिवसांत फेरी मारणारा गुरूसारखा ग्रह सापडला, तेव्हा चूक फक्त खेळाची नव्हती. खगोलशास्त्रज्ञांचीही अपेक्षा तशीच होती. आज सूर्याबाहेरचे सहा हजारांवर ग्रह निश्चित झाले आहेत. २०२३ मध्ये निघालेल्या जगे रचण्याच्या स्वतंत्र पुस्तकात या नव्या ज्ञानाला जागा मिळाली आहे. मूळ सात वजा करण्याचा नियम मात्र मुख्य पुस्तकात अजून आहे, आणि आम्हांला त्यात गैर वाटत नाही. आदर्श वायूचे समीकरणही आपण शिकवतोच.

नकाशाबद्दल एवढेच: तो सपाट आहे. एका षट्कोनी घराची रुंदी एक पार्सेक, म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे. याच संस्थेने १९८६ साली काढलेल्या दुसऱ्या एका खेळात खऱ्या ताऱ्यांचा त्रिमितीय नकाशा होता. तो वापरायला अवघड होता, आणि शेवटी सपाट नकाशाच टिकला.

एक नियम मात्र १९७७ पासून आजतागायत कुणी बदललेला नाही. यान एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर झेप घेते. झेप एक पार्सेकची असो की सहा, वेळ सुमारे एक आठवडा. आणि संदेशासाठी याहून वेगवान काहीही नाही. बातमी यानातूनच जाते. विज्ञानाच्या दृष्टीने झेप ही निव्वळ कल्पना. पण तिच्याभोवती उभे राहणारे जग आपल्या इतिहासाला फार ओळखीचे आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झाले ते नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ कळले २४ जानेवारीला, एका सावकारी पत्रातून. दहा दिवस पेशवा नसलेल्या सैन्याच्या मदतीला चालत होता. खेळातला सरहद्दीवरचा सुभेदार नेमका याच अवस्थेत असतो: राजधानीची आज्ञा येईपर्यंत प्रसंग उलटून गेलेला. संगणकाचे आकडे दहा वर्षांत शिळे झाले. हा नियम शिळा होत नाही, कारण तो यंत्राचा नसून मर्यादेचा आहे.

खेळातल्या काल्पनिक साम्राज्याचा इतिहासही आवृत्त्यांबरोबर पुढे सरकला, आणि येथे मात्र लेखकांची धांदल उडालेली दिसते. १९८७ मध्ये सम्राटाची हत्या आणि यादवी. १९९३ मध्ये त्याहून भयंकर: स्वतःच्या प्रती काढणारा, विचार करणारा संगणक-विषाणू यानायानांतून पसरतो आणि संस्कृती बुडते. पाचच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, मॉरिस नावाचा संगणक-किडा जाळ्यात पसरून गाजला होता. १९९२ मध्ये 'मायकेलअँजेलो' विषाणूने वर्तमानपत्रे भरली होती. त्या वर्षांची भीती आवृत्तीत जशीच्या तशी उतरली. जुन्या खेळाडूंना आपले जग असे मोडलेले रुचले नाही. मूळ संस्था १९९६ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी निघालेली चौथी आवृत्ती थेट साम्राज्याच्या आरंभकाळात गेली, आणि १९९८ च्या आवृत्तीने तर ती हत्या झालीच नाही असे ठरवले! नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासराव वाचतात आणि इतिहासाला दुसरा फाटा फुटतो, तसेच. २००८ पासूनची पुस्तके हत्येच्या आधीच्या काळात सुखाने नांदत आहेत.

आणखी एक बदल सांगायचा राहिला. पहिल्या आवृत्त्यांत पात्र तयार करताना त्याची चार-चार वर्षांची नोकरी फाशांवर ठरे, आणि फासा वाईट पडला तर पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरे. कोरा कागद घेऊन पुन्हा सुरुवात. १९८१ मध्ये यावर एक सौम्य पर्याय आला. २००८ मध्ये मृत्यूच्या जागी अपघात, कर्ज, शत्रू अशी कोष्टके आली. मुलांना कोणते आवडले असेल? जुने. "नव्यात भीतीच न्हाई," असे एक मुलगी म्हणाली.

शेवटच्या दिवशी मुलांनी आपली स्वतःची आवृत्ती ठरवली. पात्रे १९८१ ची, बाणही १९८१ चे, पण विसरलेला 'अर्धा' परत घालून. संगणक २००८ चा. ग्रह फाशांवर, पण टायटनसाठी एक वेगळे कोष्टक. इंजिनावर बराच वाद झाला. शेवटी दोनास तीन मतांनी १९९३ चे रॉकेट मंजूर झाले, तेही आकडे आणखी कडक करून. पहिल्याच डावात त्यांनी मंगळाकडे जाताना वेगाच्या हौसेपायी टाकी रिकामी केली. आता थांबायला इंधन नाही. यान मंगळ ओलांडून पुढे गेले आहे आणि दोन मुले रोज संध्याकाळी वहीत त्याची कक्षा काढत बसतात. त्यांच्या हिशेबाने ते परत पृथ्वीच्या कक्षेजवळ यायला सव्वादोन वर्षे लागतील. बारावीची परीक्षा त्याआधी आहे.